ईटनच्या चॅपेलचे छत १९५९ चे असेल, तर ते अस्सल मानावे का?

आपला प्रश्न असा आहे की, इंग्लंडमधल्या ईटन कॉलेज या शाळेचे चॅपेल (प्रार्थनामंदिर) पंधराव्या शतकातले आणि त्याचे पंख्यासारखे उलगडणारे छत मात्र १९५९ साली पुरे झालेले, तर त्या छताला अस्सल म्हणावे की नक्कल. मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करतो आणि थोड्याफार फरकाने हाच वाद आमच्याकडेही नेहमी चालतो. माझ्या मते हे छत नक्कल ठरत नाही, कारण ज्याची नक्कल करावी असे दगडी छत तिथे आधी कधी नव्हतेच. मात्र रचनेच्या दृष्टीने त्याला खरी कमान म्हणायला मी तयार नाही.

इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये ही शाळा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी चॅपेलचा पाया घातला. त्याच्या मनातली इमारत आजच्यापेक्षा दुपटीहून लांब होती. पण १४६१ मध्ये त्याचे राज्य गेले, काम थांबले आणि वेदीकडचा भाग तेवढा पुढे पुरा होऊ शकला; पश्चिमेला बिशप वेनफ्लीटने एक बेताचा दर्शनी मंडप जोडून घेतला. बाहेरचे दणकट टेकू दगडी छताचा रेटा सोसण्यासाठी योजलेले होते, पण त्यांच्या वाट्याला आले लाकडी छत.

याच राजाने स्थापन केलेल्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात जॉन वेस्टेलने १५१२ ते १५१५ या काळात जे छत बांधले, ते या प्रकारातले खरे उदाहरण. प्रत्येक खांबाच्या माथ्यापासून सारख्याच वळणाच्या बरगड्या चहूकडे पसरतात, दगड एकमेकांना दाबून धरतात आणि सुमारे १२ मीटर रुंदीचा गाळा लाकडाच्या आधाराशिवाय झाकला जातो. आडवा रेटा भिंतींबाहेरच्या टेकूंवर जातो. ईटनला लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने छत खाल्ले, तेव्हा सर विल्यम होलफर्ड यांच्या देखरेखीखाली नवे छत झाले. ते काँक्रीटचे असून त्याला दगडाचा मुलामा आहे आणि त्याचा आधार पोलादी कैच्या, म्हणजे छप्पर तोलणारे त्रिकोणी सांगाडे, आहेत. म्हणजे खालून पाहणाऱ्याला जे वजन पेलताना दिसते, ते प्रत्यक्षात काहीच पेलत नाही. वाड्याचा कोरीव दर्शनी भाग राखून मागे आरसीसी उभे करावे, तसाच हा प्रकार. तरीही मी त्याला नावे ठेवणार नाही. भुंगेऱ्याने पोकळ केलेल्या तुळया हाताळलेला कोणीही पोलादाचा आग्रह धरील.

अस्सलपणाच शोधायचा असेल, तर वर पाहण्याआधी बाजूच्या भिंती पाहाव्यात. १४७९ ते १४८७ या काळातली ही चित्रे बहुतांशी करड्या छटांत रंगवलेली आहेत: उत्तरेला मेरीमातेचे चमत्कार, दक्षिणेला खोटा आळ आलेल्या एका सम्राज्ञीची कथा. धर्मसुधारणेच्या काळात असले चमत्कार दाखवणे निषिद्ध ठरले आणि १५६० मध्ये कॉलेजच्या न्हाव्याकडून त्यांवर चुना फासून घेण्यात आला. १८४७ मध्ये ती पुन्हा सापडली, तरी पूर्णपणे मोकळी व्हायला १९२३ साल उजाडले, कारण आसनांवरची लाकडी छत्रे त्यांच्या आड येत होती. चुन्याखाली दबून राहिल्यामुळेच ती पुढच्या तोडफोडीतून वाचली असावीत, असे मला वाटते.

खिडक्यांच्या बाबतीत तर कोणी जुनेपणाचा आव आणलाच नाही. १९४० मध्ये शेजारी पडलेल्या जर्मन बॉम्बने जवळजवळ सगळ्या काचा फुटल्या. पूर्वेची मोठी खिडकी आयरिश कलावती एव्ही होन यांनी १९५२ मध्ये पुरी केली. तीत वर क्रुसारोहण आणि खाली अखेरचे भोजन आहे. बाजूच्या खिडक्यांसाठी जॉन पायपर यांनी येशूचे चार चमत्कार आणि त्याच्या चार दृष्टान्तकथा रेखाटल्या आणि त्या काचेत उतरवल्या पॅट्रिक रेंटिएन्स यांनी. छतापेक्षा या खिडक्यांची भूमिका मला अधिक सरळ वाटते: त्या विसाव्या शतकातल्या आहेत आणि तशाच दिसतात.