इंजिन पाठवू नका, आधी रुळांचे जोड तपासा

तुमची तक्रार अशी: एप्रिलपर्यंत नीट धावणारी एचओ मापाची छोटी मॉडेल आगगाडी पावसात दोन-तीन फूट जाऊन थांबते, दिवा लुकलुकतो, बोटाने ढकललं की पुन्हा निघते. पॉलिश पेपरने रूळ घासल्यावर दोन दिवस बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा वाईट झालं. मीटर मात्र सगळीकडे बारा व्होल्ट दाखवतो. गोव्यात फोंड्याला राहता, गणेश चवथीच्या आरासीत गाडी फिरवायचीय, आणि इंजिन दुरुस्तीला पाठवावं की नवीन घ्यावं असं विचारलंय.

दोन्ही करू नका. ढकलल्यावर निघणाऱ्या इंजिनाची मोटर बहुधा शाबूत असते. वीज तिच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच. माझं एक इंजिन याच कारणासाठी एका दुरुस्ती केंद्रात गेलं होतं. त्यांनी ते अख्खा पावसाळा ठेवून घेतलं, फोनवर कोणी धड बोललं नाही, आणि शेवटी 'ओलाव्याने खराब' अशी चिठ्ठी आणि बिल लावून परत पाठवलं. रूळ कसले आहेत, वायर कुठे जोडलीय, हे एका माणसानेही विचारलं नाही. दोष रुळांच्या जोडात होता. म्हणून इतक्या कळकळीने लिहितोय.

मीटर बारा व्होल्ट का दाखवतो ते समजून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. मीटर जवळजवळ शून्य करंट ओढतो. दोन रुळांमधला पत्र्याचा जॉइनर आतून काळा पडला असला, तरी तेवढ्याला वाट मिळते. इंजिन ०.३ ते ०.५ अँपिअर मागतं, तेव्हा तोच जोड अडवतो. त्यामुळे मोजायचं ते भार लावून. ऑटो पार्टच्या दुकानात १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब मिळतो, तो साधारण ०.४ अँपिअर घेतो. त्याला दोन वायर लावा, कंट्रोलर पूर्ण वेगावर ठेवा, बल्ब रुळांवर टेकवून ठेवा आणि तिथेच मीटर धरा. आधी जिथे वीज येते तिथे मोजा, मग एकेक जोड ओलांडत लूपच्या दुसऱ्या टोकापर्यंत जा. सगळं मिळून अर्ध्या व्होल्टची घट चालते. एखादा जोड ओलांडताच व्होल्टभर पडलं, तर चोर तोच. पेन्सिलने खूण करा. (हे साध्या डीसी सेटपुरतं. डीसीसी, म्हणजे डिजिटल संकेतांनी गाडी चालवायचा प्रकार, असेल तर ही मोजमापं जशीच्या तशी लावू नका.)

यावर कायमचा उपाय एकच मानतो: प्रत्येक रुळाला त्याची स्वतःची वायर. जॉइनरचं काम रूळ सरळ रेषेत धरायचं, वीज नेणं हे त्याच्यावर सोडायचं नाही, निदान आपल्याकडच्या हवेत तरी नाही. बोर्डाखालून १.५ चौरस मिमीच्या घरगुती वायरची लाल-काळी जोडी पूर्ण लूपभर फिरवा. तिच्यापासून ०.५ चौरस मिमीचा छोटा तुकडा वर आणून रुळाच्या बाहेरच्या अंगाला सोल्डर करा. आतल्या अंगाला केलं तर चाकाची कड आपटते. जागा आधी बारीक कानशीने चकचकीत करा, रूळ आणि वायर दोन्हींवर वेगवेगळा सोल्डर चढवा, मग टेकवा. दोन-तीन सेकंदांत झालं पाहिजे, नाहीतर स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, वितळतात. दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवला की धोका कमी होतो.

आता ज्या गोष्टीने सर्वांत जास्त बोर्ड वाया जाताना पाहिलेत ती. सोल्डरसाठी हार्डवेअरच्या दुकानातली पत्र्याच्या कामाची पेस्ट किंवा ॲसिड आणू नका. काउंटरवर सांगतात की सगळ्याला तेच चालतं. चालत नाही. त्यात झिंक क्लोराइड असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. हिवाळ्यात जोड झकास दिसतो. जून उजाडला की वायरच्या तांब्यावर हिरवी साय धरते, ती इन्सुलेशनच्या आत सरकते, आणि ऑगस्टपर्यंत वायर चिमटीत तुटते. वरून काहीच कळत नाही, कारण सोल्डरचा थेंब जागच्या जागी असतो. राळेचा फ्लक्स आत असलेली ६०/४० सोल्डर तार घ्या, १ मिमी किंवा बारीक. तुमच्या जुन्या जोडांना हिरवट पावडर दिसली तर पुसून भागणार नाही. वायर मागे कापून, ताज्या तांब्यावर नव्याने जोडा, आणि रूळ पाण्याने व मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवा.

पॉलिश पेपरबद्दल माझं मत कडक आहे: रुळाला लावूच नये. त्याच्या चऱ्यांत काजळी आणि तेल बसतं, चाक वरच्यावर टेकतं, बारीक ठिणग्या उडतात आणि आणखी काळं पडतं. तुम्हाला दोन दिवस बरं वाटून मग बिघडलं ते म्हणूनच. आता झालंय तर १००० नंबर, मग १५००, मग २००० असा पाणी लावून घासायचा बारीक पेपर रुळाच्या लांबीने फिरवा, कधीही आडवा नाही. नंतर स्टीलच्या वॉशरची गुळगुळीत कड दाबून फिरवा, म्हणजे चरे बसतात. भांडी घासायची स्टीलची जाळी अजिबात नको, तिचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात. हे सगळं करण्याआधी रुळाला चुंबक लावून पाहा. चिकटला तर रूळ लोखंडी आहेत, गोव्यात त्यांच्यावर एक पैसाही घालू नका, निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे घ्या. पिवळे असतील तर पितळ. चालतं, पण सतत पुसावं लागतं.

रोजच्या पुसण्याला रंगकामातलं मिनरल टर्पेंटाइन सुती फडक्यावर थोडंसं. अल्कोहोलपेक्षा रूळ जास्त दिवस स्वच्छ राहतो, असा माझ्यासकट बऱ्याच जणांचा अनुभव आहे. एनसी थिनर नको, स्लीपर विरघळतील. खिडकी उघडी ठेवा आणि समई-निरांजन पेटलेलं असताना हे काम करू नका. इंजिनाची चाकं तितकीच महत्त्वाची: टिश्यूचा ओलसर तुकडा रुळांवर आडवा ठेवा, पुढची चाकं त्यावर, मागची उघड्या रुळावर, इंजिन हाताने धरून दहा सेकंद फिरू द्या. मग उलटं. डब्यांची प्लास्टिकची चाकं बदलून धातूची घाला, काळं पसरवतात तीच.

बोर्डाबद्दल थोडक्यात. कमर्शियल प्लाय असेल तर तो हलणारच. आयएस ७१० शिक्का असलेला १२ मिमी मरीन प्लाय घ्या, दोन्ही तोंडं आणि चारही कडा रंगवा. वरून रंग आणि खालून कोरा असला की तो हमखास वाकतो. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, म्हणून आत्ता रूळ टाकताना सरळ भागात मीटरभराला १ मिमी फट ठेवा, ते जोड सोल्डर करू नका. जानेवारीत बोर्ड आकसतो आणि फट नसेल तर वळणावर रूळ उचलला जातो.

दूधसागरचा घाट करायचं मनात आहे म्हणता. कुळे ते कॅसलरॉकचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर १ मीटर वर. तोच धरून एक रूळ दुसऱ्यावरून ७५ मिमी उंचीने न्यायचा तर २.८ मीटर चढ आणि तितकाच उतार लागतो. ८ बाय ४ फुटांच्या बोर्डावरची अख्खी फेरी त्यातच संपते, वर पाच डब्यांना इंजिन घसरेल. एकच रूळ ठेवा आणि मागे डोंगराचा कडा उभारा.

सुटे भाग बाहेरून मागवणार असाल तर खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मोठ्यांसाठीचं स्केल मॉडेल असलं तरी बिलावर नुसतं 'टॉय ट्रेन' लिहिलेलं पार्सल अडकू शकतं. विक्रेत्याला खरं आणि नेमकं वर्णन लिहायला सांगा. मी यातला जाणकार नाही, नियम बदलतात, मागवायच्या आधी ताजा दर पाहा.

चवथीसाठी: लूप माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीच्या, थेट खाली नको, फळांचा चीक आणि पानांचं पाणी रुळांवर पडतं. कापूर आणि समईची काजळी एका आरतीत रुळावर थर देते. आरतीपुरतं पातळ प्लास्टिक अंथरा, नंतर एकदा कोरडं फडकं फिरवा. विसर्जनानंतर इंजिन मूळ फोमच्या खोक्यात न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

आधी बल्बची चाचणी करा आणि प्रत्येक जोडाचे आकडे इथे टाका. पॉइंटच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या, पात्यांचं त्यावरून सांगतो, तिथे बहुधा वेगळी जोडणी लागेल.