लिबेटपासून सुरुवात करतोयस? जरा थांब

मेंदू आणि स्वेच्छा या विषयात नव्याने शिरणारा जो तो मेंदूशास्त्रज्ञ लिबेटच्या प्रयोगापाशी येतो आणि आठवडाभरात 'माणसाला स्वेच्छा नाहीच' असं सांगत सुटतो. मीही सुटलो होतो. तू तेवढं टाळ.

आधी कॉर्नह्यूबर आणि डीके यांचं 1965 चं काम बघ. स्वतःहून बोट हलवण्याआधी ईईजीत, म्हणजे डोक्यावरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत, एक संथ चढ दिसतो, हे त्यांनी दाखवलं. लिबेटने 1983 मध्ये त्याला घड्याळ जोडलं. चढ हालचालीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी सुरू होतो, 'आता हलवावं' ही जाणीव मात्र सुमारे 200 मिलिसेकंद आधी. पण जाणिवेची वेळ माणूस घड्याळासारख्या तबकडीवरचा फिरता ठिपका बघून स्वतःच सांगतो! त्यावर भिस्त किती ठेवायची? शिवाय 2012 मध्ये शर्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की तो चढ म्हणजे घेतलेला निर्णय नसेलही. मेंदूत सतत चालणारे चढउतार हालचालीच्या क्षणापासून मागे मोजून त्यांची सरासरी काढली, तरी असाच चढ दिसेल. हे मला वहीत आलेख काढल्यावरच कळलं. तूही काढ.

मग देमुर्जे यांचा 2009 चा अभ्यास, माझा सर्वांत आवडता. मेंदूच्या शस्त्रक्रियेत जागे असलेले 7 रुग्ण. पॅरायटल भागाला (मेंदूचा वरचा-मागचा भाग) सौम्य विद्युतप्रवाह दिला की त्यांना हात हलवावासा वाटे. प्रवाह वाढवला की हलवलाच असं वाटे, स्नायू मात्र ढिम्म. प्रीमोटर भागाला (हालचालीची तयारी करणारा पुढचा भाग) दिला की अवयव खरोखर हलत आणि रुग्ण मात्र 'हललोच नाही' असं ठामपणे सांगत.

एफएमआरआयची, म्हणजे मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून काढलेली, रंगीत चित्रं त्यानंतर उघड.