अमेरिकेतील ऑल स्टार चीअरलीडिंगमध्ये मुलांचे वयोगट कसे ठरतात आणि ‘स्मॉल ए’, ‘डी-टू’ या विभागांचा अर्थ काय?

तुम्ही विचारले आहे की तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीला ट्रायआउटनंतर (निवड चाचणीनंतर) जिमने ‘यूथ लेव्हल वन’ संघात घेतले, तिच्याच वयाची मैत्रीण मात्र ‘ज्युनियर लेव्हल टू’ संघात गेली, आणि पहिल्या स्पर्धेच्या वेळापत्रकात संघाच्या नावापुढे ‘स्मॉल ए’, ‘डी-टू’ अशी आणखी शेपटे लागलेली दिसली. तर यात मुलीवर अन्याय झाला आहे का? माझी मुलगी न्यू जर्सीतील एका ऑल स्टार जिममध्ये खेळते आणि तिच्या संघाच्या पालक-प्रतिनिधीचे काम माझ्याकडे असल्यामुळे ही कोष्टके मला दर सीझनला वाचावी लागतात. तुम्ही लिहिले आहे तेवढ्यावरून तरी मला यात अन्याय दिसत नाही. ‘यूथ’ किंवा ‘ज्युनियर’ हा शब्द मुलीची पायरी सांगत नाही, ती सांगते लेव्हल. आणि उरलेली शेपटे फक्त एवढेच सांगतात की तिच्या संघाची तुलना कोणाशी होणार आहे.

प्रथम वयाबद्दल. ऑल स्टार म्हणजे शाळेशी संबंध नसलेल्या खासगी जिममधील स्पर्धात्मक चीअर. तिचे नियम २००३ मध्ये स्थापन झालेली यूएसएएसएफ (यू.एस. ऑल स्टार फेडरेशन) ही संस्था ठरवते आणि प्रत्येक सीझनसाठी वयोगटांचे कोष्टक प्रसिद्ध करते. टायनी, मिनी, यूथ, ज्युनियर आणि सीनियर असे हे गट चढत जातात. पूर्वी एका ठरावीक तारखेला पूर्ण झालेले वय धरले जात असे. आता मुख्यतः जन्मवर्ष पाहिले जाते. याचा परिणाम पालकांच्या लवकर लक्षात येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये जन्मलेली मुलगी आणि जानेवारी २०१६ मध्ये जन्मलेली मुलगी शाळेत एकाच इयत्तेत शेजारी बसत असतील, पण चीअरमध्ये पहिली एक वर्ष आधी गटाबाहेर पडते. वर्षअखेरीस जन्मलेल्या मुलांचे त्यामुळे नेहमीच थोडे नुकसान होते, आणि त्यावर सध्या तरी काही उपाय नाही.

मात्र या कोष्टकातील खरी मेख वेगळी आहे. शाळेच्या इयत्तांप्रमाणे हे गट एकापुढे एक लागत नाहीत, ते एकमेकांवर चढलेले असतात. वरची मर्यादा कडक असते: गटासाठी ठरलेल्या वर्षाच्या आधी जन्मलेले एकही मूल संघात चालत नाही. खालची मर्यादा मात्र बरीच सैल असते, त्यामुळे नऊ वर्षांची मुलगी यूथमध्येही बसते आणि ज्युनियरमध्येही. हे असे का, ते स्टंट, म्हणजे एका मुलीला इतरांनी वर उचलण्याची कसरत, पाहिला की कळते. खालून तोलणाऱ्या दोन बेस आणि मागून आधार देणारी एक बॅकस्पॉट मिळून ज्या फ्लायरला वर उचलतात, ती जितकी हलकी आणि लहान चणीची तितके खालच्यांचे काम सोपे. म्हणून मोठ्या मुलींच्या संघात एखादी चिमुरडी फ्लायर घेण्याचा मोह प्रत्येक कोचला असतो, आणि तो आवरता यावा यासाठीच लेव्हल जसजशी वर जाते तसतशी खालची वयोमर्यादाही वर सरकवली जाते. दहीहंडीच्या थरांबाबत आपल्याकडे हाच वाद न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये १४ वर्षांखालील गोविंदांना मनाई झाली. तिथे थेट वयावर बोट ठेवले गेले. चीअरमध्ये वयापेक्षा कौशल्यावर लगाम घातला आहे.

तो लगाम म्हणजे लेव्हल, आणि तुमच्या प्रश्नात सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. लेव्हल एक ते सात अशा आहेत. लेव्हल वनमध्ये कार्टव्हील (हातांवरून बाजूला फिरणे) आणि वॉकओव्हर (कमान करून हातांवरून सावकाश पलटणे) चालतात, पण बॅक हँडस्प्रिंग (मागे झेप घेऊन हातांवरून उलटून पुन्हा पायांवर येणे) चालत नाही. ती लेव्हल टूमध्ये येते, आणि हवेत पूर्ण कोलांटी घेणारा टक लेव्हल थ्रीमध्ये. स्टंटचेही तसेच: लेव्हल वनमध्ये दोन पायांवर उभ्या असलेल्या फ्लायरला खांद्याच्या उंचीपर्यंत नेता येते, लेव्हल टूमध्ये बेसचे हात डोक्यावर पूर्ण ताणले जाऊ शकतात, आणि त्या उंचीवर फ्लायरने एका पायावर उभे राहायचे ते लेव्हल थ्रीपासून. संघाने आपल्या लेव्हलबाहेरचे कौशल्य सादर केले तर ते कितीही सुबक झाले तरी गुण कापले जातात. त्यामुळे मैत्रिणीची बॅक हँडस्प्रिंग कोचने हात न लावता पक्की होत असेल आणि तुमच्या मुलीची अजून होत नसेल, तर दोघी वेगवेगळ्या संघांत जाणे हेच योग्य आहे. एकाच लेव्हलला यूथऐवजी ज्युनियर संघ मिळाला म्हणून मूल पुढे गेले असे समजू नये. आजूबाजूच्या मुली वयाने मोठ्या असतात, एवढाच फरक.

‘डी-टू’चा मुलीशी काहीच संबंध नाही, तो जिमचा आकार आहे. एका ठिकाणी १२५ किंवा त्याहून कमी खेळाडू नोंदलेले असतील तर ते जिम डी-टूमध्ये धरले जाते, म्हणजे शेकडो मुलांमधून निवडून संघ बांधणाऱ्या बड्या जिमशी त्याची गाठ पडत नाही. हा नियम मला मनापासून पटतो. ‘स्मॉल’ हा शब्द संघातील खेळाडूंच्या संख्येवरून येतो. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे मात्र त्या त्या स्पर्धेपुरती असतात: एका डिव्हिजनमध्ये, म्हणजे एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संघांच्या गटात, फार नोंदण्या आल्या की आयोजक तिचे दोन भाग पाडतो. ‘ए’ म्हणजे सरस आणि ‘बी’ म्हणजे डावे, असे काही नसते, आणि पुढच्या स्पर्धेत हेच अक्षर राहील याचीही खात्री नसते.

या विभागणीबद्दल माझी तक्रारही आहे. वय, लेव्हल, आकार, जिमचा प्रकार, शिवाय एलिट (पूर्ण तयारीचा) आणि प्रेप (कमी सरावाचा) हे वेगळे स्तर, असे एकावर एक काप देत गेल्यावर एखाद्या डिव्हिजनमध्ये दोनच संघ उरतात, कधी कधी एकच. आमच्या एका स्पर्धेत मुलींनी पहिल्या क्रमांकाचे बॅनर हातात घेऊन फोटो काढले, आणि घरी येताना गाडीत माझ्या मुलीने विचारले, “दुसरं कोण आलं?” दुसरे कोणीच नव्हते. लहानांना बक्षीस मिळाल्याचे मला वाईट वाटत नाही. पण पालकांनी प्रवेशशुल्क, हॉटेल आणि प्रवास यांवर एवढा खर्च केल्यावर आयोजकांनी लहान डिव्हिजन एकत्र करण्याचा विचार अधिक वेळा करायला हवा, असे मला वाटते. तोपर्यंत तुम्ही क्रमांकापेक्षा गुणपत्रिका पाहा. स्टंट आणि टम्बलिंगचे (जमिनीवरच्या कोलांट्यांचे) गुण मागील स्पर्धेपेक्षा वाढले का, आणि पडझडीबद्दल किती गुण कापले गेले, हे त्यातून कळते.

कोचला भेटाल तेव्हा ‘ज्युनियरमध्ये का नाही?’ असे विचारू नका. लेव्हल टूसाठी तिची नेमकी कोणती कौशल्ये कमी पडतात, ती या सीझनमध्ये शिकवली जाणार आहेत का, आणि ती फ्लायर आहे की बेस, हे विचारा. मुलीच्या जन्मदाखल्याची प्रतही सोबत ठेवा, कारण वयाची पडताळणी कागदावरूनच होते. आणि पुढच्या सीझनचे कोष्टक प्रसिद्ध झाले की तिचे जन्मवर्ष यूथच्या वरच्या मर्यादेपासून किती दूर आहे ते एकदा पाहून ठेवा, म्हणजे कोणत्या ट्रायआउटला तिला यूथ सोडावे लागेल हे आधीच समजेल.