वाचकांचे प्रश्न : लेकीला फुलाचं नाव

प्रश्न : थोरलीचं नाव प्राजक्ता. धाकटीलाही फुलाचंच नाव ठेवायचं ठरलंय. शेफाली, मालती आणि मधुमालती अशी तीन नावं निघाली आहेत. कोणतं घ्यावं? (सांगली)

उत्तर : शेफाली आधी बाजूला काढा. शेफाली, शेफालिका म्हणजे आपला प्राजक्तच. बंगालीत त्याला शिउली म्हणतात. दोघी बहिणी एकाच झाडाच्या, असं मुद्दाम हवं असेल तर खुशाल ठेवा, पण नकळत नको. फुलांच्या नावांत ही गफलत फार होते, कारण बोलीतलं नाव एक आणि संस्कृतातलं दुसरं. मालती म्हणजे बहुतेक ठिकाणी जाई, यूथिका म्हणजे जुई, मल्लिका म्हणजे मोगरा. घरात चुलत-मावस धरून आधीच एखादी जाई असेल, तर मालती ठेवण्याआधी विचार करा.

मधुमालतीचं जाईशी काही नातं नाही. फाटकावर चढणारी ती वेल. फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी आणि शेवटी लाल होतात. माधवी त्याहूनही वेगळी, म्हणजे हळदवेल : झालरीसारख्या पांढऱ्या पाकळ्या आणि त्यातल्या एकीवर पिवळा डाग. शिवाय मधुमालतीची हाक मारताना पहिल्याच आठवड्यात ‘मधू’ होणार, हे गृहीत धरा. आमचं मत मालतीला. आजीच्या पिढीतलं वाटतं खरं, पण वर्गात त्याच नावाच्या चारजणी निघण्याची भीती नाही.

प्रश्न : बाळंतपण पुण्यात झालं. सहा महिन्यांनी आम्ही जर्मनीला परतणार. जाई किंवा जुई ठेवायचा विचार आहे. इंग्रजी स्पेलिंग कसं करावं? (पुणे)

उत्तर : स्पेलिंग कसंही केलंत तरी तिथे अडचण राहणारच. जर्मनमध्ये ‘जे’ हे अक्षर ‘य’सारखं उच्चारतात. जाईची ‘याई’ होईल, जुईची ‘युई’. भारतातही ‘जे-ए-आय’ लिहिलंत तर लोक ‘जय’ वाचून मुलगा समजतील. ‘ए’ दोनदा घातला तर निदान इथला प्रश्न सुटतो. सायलीलाही तिकडे धोका आहे : जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ‘एस’ स्वरापूर्वी आला की इंग्रजी ‘झेड’सारखा वाचतात. बकुळमधला ‘ळ’ रोमन लिपीत टिकत नाही, तिथे बकुल होणारच. अबोली, केतकी, नलिनी आणि मालती मात्र तिकडच्या तोंडीही बऱ्यापैकी शाबूत राहतात. अबोलीला वास नसतो म्हणून नाक मुरडणारे भेटतील; नावाला वास लागतो कुठे?

आता नोंदणीचं. जन्माची माहिती 21 दिवसांत द्यायची असते. रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती रुग्णालयच कळवतं. नाव ठरलं नसेल तर तो रकाना रिकामा ठेवता येतो आणि नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बारशाला ठरलं नाही तरी कार्यालयात घाई करू नका. मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे. शाळा, पासपोर्ट, सगळं त्यावरूनच. अर्जासोबत देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत पूर्ण नाव स्वतः ठळक लिहून द्या. ‘तुम्हीच लिहा’ म्हणालात की लिहिणारा त्याच्या सवयीचं स्पेलिंग घालतो. दाखला हातात पडला की खिडकीपाशीच एकेक अक्षर तपासा. पुढे दुरुस्ती म्हणजे पुरावे, प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे.

प्रश्न : मुलीचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर. गुरुजींनी ‘ण’ अक्षर काढून दिलं. ‘ण’वरून फूल कुठून आणायचं? (नाशिक)

उत्तर : आणू नका. ‘ण’ने सुरू होणारं चालतं नाव मराठीत नाही, हे गुरुजींनाही ठाऊक असतं. हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ. पहिलं सोडलं तर बाकी तिन्ही अडचणीची. म्हणूनच आपल्याकडे जन्मनाव पत्रिकेत आणि व्यवहाराचं नाव वेगळं, ही सोय पूर्वापार आहे. राशीचं अक्षर तरी साधावं असं वाटत असेल, तर कन्या राशीत ‘प’ येतोच : उत्तरा फाल्गुनीचे पा, पी आणि चित्राचे पे, पो. मग पद्मा, पंकजा, पारिजाता, पुष्पा. यांतलं पुष्पा तर हस्ताच्याच पहिल्या चरणात बसतं.

प्रश्न : केतकी आवडलं, पण सासूबाई म्हणतात महादेवाला ते फूल चालत नाही. आणि कुमुद कसं वाटतं? (रत्नागिरी)

उत्तर : सासूबाई म्हणतात ती कथा आहे. ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली म्हणून शंकराने केतकीला पूजेतून वगळलं. पण तोच केवडा गणपतीत बाजारात येतो आणि गणपतीला वाहतात. सासूबाईंना हे सांगून पाहा; तरी मन खात असेल तर नाव बदला, बारशात रुसवा नको. कुमुद म्हणजे कमळ नव्हे, रात्री उमलणारं पांढरं पोयणं. नाव छान आहे, मात्र उत्तरेत ते पुरुषांचंही असतं. सुमन आणि कमल यांचंही तेच. त्यापेक्षा कुमुदिनी ठेवा.