छायाचित्रातील रंगांवरून रीपरची थीम स्क्रिप्टने कशी तयार करावी?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काढलेल्या पिवळ्या मारबतीच्या (नागपूरच्या मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या) छायाचित्रातून आपण पायथनच्या स्क्रिप्टने सहा प्रमुख रंग काढले, ते रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या थीममध्ये भरले आणि हाती आला तो करडा-तपकिरी पडदा, ज्यावर ट्रॅकची नावेही धड वाचता येत नाहीत, असे आपण लिहिले आहे. मीही नागपुरात घरीच ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करतो आणि माझ्या थीम अशाच छायाचित्रांतून तयार करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते आपली स्क्रिप्ट सांगितले तेच करते आहे. बदलायला हवा तो रंग निवडण्याचा निकष, आणि त्याहूनही अधिक, निवडलेला रंग वापरण्याची पद्धत.

चित्रातले रंग गटांत विभागणारी के-मीन्स पद्धत असो वा त्याच कामासाठी पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली मांडलेली मीडियन कट पद्धत असो, दोन्हींत प्रत्येक पिक्सेलला सारखेच वजन मिळते. मारबतीच्या मिरवणुकीत गर्दीची डोकी, रस्ता, घरांच्या भिंती आणि वरच्या तारा यांनीच चौकट भरलेली असते. ज्या पिवळ्यासाठी आपण कॅमेरा उचलला तो क्षेत्रफळाने अगदी थोडा असतो आणि सहाच गट मागितले तर शेजारच्या तपकिरी गटात विरघळून जातो. म्हणून गट सहाऐवजी सोळा करावेत आणि प्रत्येक गटाला त्याच्या रंगाची तीव्रता गुणिले चित्रातील त्याच्या वाट्याचे वर्गमूळ असे गुण द्यावेत. वर्गमूळामुळे मोठ्या गटांची दादागिरी कमी होते, आणि अर्ध्या टक्क्याहून लहान गट आधीच वगळले की कुणाच्या हातातल्या फुग्याचा रंग थीमवर राज्य करत नाही. सर्वाधिक गुणांचा गट हा मुख्य रंग. दुसरा ठळक रंग घेताना तो रंगचक्रावर पहिल्यापासून निदान ४० अंश दूर असावा. पार्श्वभूमीची छटा मात्र सर्वांत मोठ्या फिक्या, म्हणजे कमी तीव्रतेच्या, गटाकडून घ्यावी. छायाचित्र पिलो या पायथनच्या चित्रांसाठीच्या लायब्ररीने आधी २०० पिक्सेलपर्यंत लहान केले तरी निकालात जाणवेल असा फरक पडत नाही, वेळ मात्र पुष्कळ वाचतो.

आता खरा मुद्दा. छायाचित्राकडून फक्त रंगछटा घ्यावी. उजळपणा कधीही घेऊ नये. तो त्या रंगाला थीममध्ये कोणते काम दिले आहे त्यावरून ठरवावा. हे करताना एचएसएल (छटा, तीव्रता आणि उजळपणा अशा तीन आकड्यांत रंग मांडण्याची पद्धत) वापरू नये, कारण त्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचाही उजळपणा ५० टक्केच दिसतो, प्रत्यक्षात मात्र पिवळ्याची सापेक्ष दीप्ती (काळ्याची ०, पांढऱ्याची १) ०.९३ आणि निळ्याची ०.०७ इतकी असते. ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली ओकेलॅब ही रंगपद्धत डोळ्यांना जे दिसते त्याच्या बरीच जवळ जाते आणि तिचे सूत्र पायथनमध्ये थोड्या ओळींत बसते. माझ्या गडद थीममध्ये ओकेलॅबच्या ० ते १ या मापावर पार्श्वभूमीचा उजळपणा ०.२२, एकाआड एक ट्रॅकपट्टीचा ०.२५, ग्रिडरेषांचा ०.३३ आणि अक्षरांचा ०.९० असतो, आणि पार्श्वभूमीवर रंगाची तीव्रता मी ०.०२ च्या वर जाऊ देत नाही. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात खिडक्या लावून, आवाज नको म्हणून कूलरही बंद करून काम करावे लागते. अशा अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास पाहायच्या पडद्याला याहून जास्त रंग सोसत नाही.

यानंतर स्क्रिप्टने प्रत्येक अक्षररंग त्याच्या पार्श्वभूमीशी ताडून पाहावा. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ आणि चिन्हांसाठी किमान ३ इतके कॉन्ट्रास्ट गुणोत्तर मागितले आहे. दोन्ही रंगांच्या दीप्तीत ०.०५ मिळवून मोठ्या संख्येला लहानने भागले की हे गुणोत्तर मिळते. ते कमी भरले तर उजळपणा थोडा थोडा वाढवत पुन्हा तपासावे, आणि रंग पडद्याच्या मर्यादेबाहेर जाऊ लागला तर उजळपणाला हात न लावता तीव्रता कमी करावी. एवढी एक तपासणी घातली असती तर ट्रॅकची नावे नक्कीच वाचता आली असती.

फाइलचे काम त्या मानाने सोपे आहे. रीपरची थीम ही साधी मजकूर फाइल असते. झिप स्वरूपात असेल तर ती उघडली की आत तीच फाइल आणि चित्रांचे फोल्डर मिळते. नवी थीम कोऱ्या पानावरून लिहू नये. चालू थीमची प्रत नव्या नावाने कलरथीम्स फोल्डरमध्ये ठेवून तिच्यातल्या फक्त निवडक रंगांच्या ओळी बदलाव्यात. ‘कॉल_’ने (col_) सुरू होणारी प्रत्येक ओळ बदलण्याचा मोह टाळावा, कारण ग्रिडच्या ज्या ओळींची नावे ‘डीएम’वर (dm) संपतात त्यांत रंग नसतो, रेषा कशी मिसळायची याची पद्धत असते. शिवाय रंग तिथे दशमान संख्येत लिहितात आणि क्रम उलटा असतो: लाल, अधिक हिरवा गुणिले २५६, अधिक निळा गुणिले ६५५३६. मारबतीचा पिवळा २३५, १९०, ४० असा धरला तर संख्या येते २६७०३१५. हाच हिशेब वेबच्या सवयीने लाल पुढे ठेवून केला तर पडद्यावर पिवळ्याऐवजी आकाशी रंग उमटेल, आणि दोष शोधताना माणूस विनाकारण रंगनिवडीचा भाग उकरत बसतो.

बटणे आणि फेडर (आवाज कमीजास्त करण्याच्या सरकपट्ट्या) ही पीएनजी चित्रे असल्यामुळे या ओळी बदलून त्यांचा रंग बदलत नाही. म्हणून मूळ थीम शक्यतो करड्या बटणांची निवडावी, ती कोणत्याही छटेशी जुळते. ट्रॅकना आपण स्वतः दिलेले रंगही थीममध्ये नसून प्रोजेक्टमध्ये असतात, तेव्हा त्यांची चिंता नको. मीटरवरचा क्लिपिंगचा (आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा) लाल आणि रेकॉर्डिंग चालू असल्याची लाल खूण मात्र स्क्रिप्टच्या यादीतून आधीच काढून टाका, छायाचित्र कितीही सुंदर असले तरी.