लोह मोजण्याआधी जेवणाची जोडी बघा

आकड्यांचे तक्ते सध्या बाजूला ठेवा. पदार्थात लोह किती, यापेक्षा त्यातलं अंगी किती लागतं ते बघा. नवखे बहुतेक इथेच फसतात: पालेभाजी मन लावून खातात आणि वर लगेच चहा! (मीही वर्षभर हेच केलं.) चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं वनस्पतीजन्य लोहाला बांधून ठेवतात. मध्ये निदान तासाभर जाऊ द्या.

- क जीवनसत्त्वाने लोह जास्त अंगी लागतं, पण ते त्याच जेवणात हवं. लिंबू पिळलंत तरी चालेल. सकाळची गोळी रात्रीच्या जेवणाला कामाची नाही.
- कडधान्यं भिजवा, मोड आणा. त्यातलं फायटेट (लोह-जस्त अडवून धरणारं द्रव्य) घटतं, लोह आणि जस्त (झिंक) जास्त मिळतं.
- लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र नकोत.

जस्ताच्या गोळ्या मात्र मनानेच सुरू करू नका. जास्त झालं की तांब्याचं शोषण कमी होतं.