बेळगावात घरच्यांना घेऊन जेवायला जायचंय? मग आधी गल्लीत शिरा

नवीन आलायत, म्हणून सांगतो. काचेच्या दारांची, भलंमोठं मेन्यूकार्ड असलेली हॉटेलं सोडा. आमच्या सासूबाईंना एकदा अशाच ठिकाणी नेलं. बिल भरमसाट आलं आणि त्या घरी येऊन दहीभात जेवल्या. मला फार वाईट वाटलं होतं.

गाडी लांब लावा आणि खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीच्या बाजूनं चालत फिरा. दुकानदारालाच विचारा, "तुम्ही घरच्यांना घेऊन कुठं जाता?" हॉटेलातल्या वेटरला विचारण्यापेक्षा हे बरं.

शाकाहारी असाल तर लिंगायत खानावळ शोधा. आत भाकरी थापल्याचा आवाज आला तर बिनधास्त बसा. ताटात तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी, तेलात मुरलेली भरली वांगी (इकडं एण्णगाई म्हणतात), शेंगाचटणी आणि दही. भाकरीचा पापुद्रा उचलला की आतून वाफ येते. तिथंच पोरं शांत होतात. भाकरी-भाजी परत वाढतात का, ते बसण्याआधीच विचारा, सगळा हिशेब त्यावर आहे.

मटण हवं तर सावजी, म्हणजे सावजी समाजाची झणझणीत मटणाची खानावळ. पण तिथलं मटण जहाल असतं. पोरं बरोबर असतील तर ऑर्डर देतानाच सांगा, "खारा कम्मी माडरी", म्हणजे तिखट कमी करा. मराठी सगळीकडं चालतंय, तरी दोन शब्द कानडीत बोललात की वाढणारा आपुलकीनं वाढतो.

रात्री आठच्या आत पोचा, उशिरा गरम भाकरी मिळत नाही. गोड तिथं मागवू नका. येताना पावशेर कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, बांधून घ्या.